मस्तगडावरचा बॅनर

जालना,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षा हीस रामकिसन मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि त्याची दाद तुझ्याकडे मागायची आहे. मस्तगडावर तुझ्या अभिनंदनाचा जो बॅनर लागला होता, त्यावर शुभेच्छुकांच्या गर्दीत माझा फोटो सतराव्या क्रमांकावर होता. रसवंतीवाल्या अप्पारावच्याही खाली. अप्पारावने तुला आयुष्यात एकदा उसाचा रस पाजला, तोही पैसे घेऊन. मी तुला चालायला शिकवलं, आणि चालता चालता शब्दरूपं म्हणायला. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून नावापुढे काय, तर नुसतं 'सर'. फोटो आधार कार्डावरचा. त्यात मी एखादा गुन्हा कबूल करून नुकताच बाकावर बसलेला दिसतो.

तुझ्या दिल्लीच्या कार्यालयातल्या ज्या बाई हे पत्र तुझ्याआधी वाचणार, त्यांनाही माझा नमस्कार. त्यांची आज्ञा अशी की फोन करायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, कागदावर लिहून त्याचा फोटो त्यांच्याकडे पाठवायचा, त्या पुढे पोचवतील. तू आहेस त्या गावाचं नाव लिहायचं नाही, देशाचंही नाही. तेव्हा मी फक्त 'तिकडे' म्हणेन. युद्ध तिकडे, तू तिकडे, आणि गेले तीन आठवडे माझी झोपही तिकडेच.

बॅनर लावला तुझ्या मावसभावाने, आपल्या मंडपवाल्या मच्छिंद्रने. मी त्याला म्हणालो, काय गरज आहे? तर म्हणतो, "मामा, आपली आकू लढाईच्या मैदानातून टीव्हीवर बोलून राह्यली, अन् चौकात बॅनर न्हाई? लोकं म्हणतील, घरात भांडण हाय." युक्तिवाद बिनतोड होता. या गावात महापालिकेला उभं राहिलं तरी बॅनर आणि पडलं तरी बॅनर. 'जालन्याची वाघीण, थेट युद्धभूमीवरून!' तू ते जड निळं जाकीट घालून हसते आहेस, शिरस्त्राण काखेत. (ते डोक्यावर घालायचं असतं. काखेत कलिंगड धरतात.)

मंगळवारी लागला, बुधवारी सकाळी दिल्लीच्या बाईंचा फोन आला की आत्ताच्या आत्ता उतरवा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सर, नंतर सांगते. आधी उतरवा." मी शिडी धरली, मच्छिंद्र वर चढला. वरून ओरडतो, "तीन दिवसांचं ठरल्तं मामा! एका दिवसात उतरवला तं आपली बिलकुल इज्जत गेली!" तेवढ्यात तुझी आई आली. भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणाच्या डोळ्यात खुपली माझी लेक?" पुष्पाताईचा संशय अप्पाराववर आहे. त्याच्या रसवंतीसमोरून जाताना ती आता मान फिरवते. मी तिला अडवलेलं नाही.

तुझा तो फोटो बॅनरवर कसा गेला, हे मच्छिंद्र जाणे. माझा मोबाइल अधूनमधून त्याच्या हातात असतो.

असो. जाकीट उकडलं तरी काढू नकोस. ताई विचारते, तिकडे भाकरी मिळते का. मिळत नसली तरी मिळते म्हणून कळव. येत्या शनिवारी ती जांबेला रामाच्या दर्शनाला जाणार आहे, मलाही ओढू पाहते, पण मी जाणार नाही.

तुझा सतराव्या क्रमांकाचा शुभेच्छुक,
रामकिसन मामा


जालना,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षा हीस आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं त्याला आज नऊ दिवस झाले. पत्रोत्तराच्या बाबतीत मी आळशी नाही, हे तुला ठाऊक आहे. रोज लिहायला बसलो. रोज हवापाण्याचं लिहून कागद फाडला.

पहिल्या ओळीत तू लिहिलंस की तुझ्या गाडीवाल्याला नाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी उतरवून घेतलं आणि मोबाइलवर त्याला आपला बॅनर दाखवला. आपल्याकडच्या कुठल्याशा चॅनलने बॅनरची बातमी केली होती, ती तुझं नाव शोधणाऱ्यांना सापडली. बॅनरवर तुझ्या शेजारी तो उभा, आणि मागे तुम्ही उतरला होतात त्या लॉजची पाटी. दुसऱ्या ओळीत तो तीन दिवसांनी डावा हात गळ्यात बांधून परत आला. तिसऱ्या ओळीत असं की कार्यालय तुला बाहेर काढायला तयार आहे, पण चौकशी संपेपर्यंत त्याला गाव सोडायची परवानगी नाही, आणि कॅमेरा समोर असला की ते लोक हात उचलायच्या आधी विचार करतात, म्हणून तू त्याला टाकून निघणार नाहीस. चौथी ओळ: 'मच्छिंद्रला सांगा, मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.'

ती ओळ घेऊन मी मच्छिंद्रच्या गोडाउनवर गेलो. तो सतरंज्यांच्या घड्या घालत होता. वाचून दाखवली. त्याने घडी पूर्ण केली, मग म्हणाला, "बराबर हाय तिचं. सांगा, मीच दिल्ता फोटो."

"अरे, पण..."

"मला शिव्या पचतेत मामा. तुम्हाला न्हाई पचायच्या. अन् तिला तिकडं मामा लागतो. भाऊ एखादा कमी असला तं चालतंय."

मी 'बरं' म्हणालो. आकांक्षा, मी खरंच 'बरं' म्हणालो आणि घरी येऊन जेवलो. त्या एका शब्दावर मी आठ दिवस काढले. त्या आठवड्यात नववीच्या वर्गाला वाणीसंयमाचा पाठ होता. मी तो उत्तम शिकवला.

फोटो मी दिला.

तू तो मला एकट्याला पाठवला होतास आणि खाली लिहिलं होतंस, 'मामा, फक्त तुमच्यासाठी. आईलाही दाखवू नका.' मच्छिंद्रकडे टीव्हीवरून काढलेला एक होता, पण त्यात तुझा अर्धा चेहरा अंधारात होता आणि तू भेदरलेली वाटत होतीस. ताई तो चौकात रोज बघणार, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, हा नको, माझ्याकडे चांगला आहे, यात ती हसते. इथवर कदाचित तू मला माफ करशील. पण फ्लेक्सवाल्याच्या दुकानात मच्छिंद्रने मला स्पष्ट विचारलं, "मामा, मागं ही पाटी काय लिहिलेली हाय? काढून टाकू का?" तो मंडपवाला, दहावी नापास, त्याला शंका आली. आणि मी, तुमचा पंडित, चष्मा वर करून ती अक्षरं पाहिली आणि म्हणालो, "राहू दे. काय वळणदार लिपी आहे बघ. लोकांना कळू दे, पोरगी किती लांब पोचली ते."

त्या अक्षरांत काय लिहिलं आहे, हे मला वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांनी वाचलं.

दिल्लीच्या बाईंनी हे वाचल्यावरही पुढे पाठवावं, ही विनंती. गाडीवाल्यालाही माझं नाव सांग. कुणामुळे झालं, हे त्याला कळायला हवं. आणि मच्छिंद्रला दोन ओळी लिही. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, चहा पाजतो, त्याचा मला जास्त त्रास होतो.

कार्यालयाचा तो फॉर्म माझ्याकडे आहे. काही झालं तर आधी कुणाला कळवायचं, या रकान्यात तू आईचं नाव न घालता माझं घातलंस. तेव्हा मला अभिमान वाटला होता. रोज सकाळी आठ वाजता बाईंचा दोन शब्दांचा निरोप येतो, 'संपर्क झाला.' मग मी दाढी करतो. परवा गुरुवारी आठ वाजता आला नाही. नऊला नाही. मी शाळेत गेलोच नाही, चालत जुन्या जालन्यात ताईच्या दारात जाऊन उभा राहिलो. कशासाठी, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. ती मेथी निवडत होती.

"शाळा न्हाई का रे?"

"सुट्टी आहे."

"गुरुवारची कसली सुट्टी? बैस. आकूचा काय निरोप?"

"बरी आहे," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. तू आहेस की नाहीस हे मला माहीत नव्हतं आणि मी तिच्यासमोर बसून मेथीच्या काड्या मोडत होतो. ती सांगत होती की जांबेला या खेपेला गर्दी नव्हती, दर्शन निवांत झालं, आणि मी हो हो म्हणत होतो. साडेअकराला निरोप आला. तिकडची लाइन बंद होती म्हणे. मी उठून मोरीत गेलो आणि बराच वेळ तोंड धुतलं.

आज सकाळी ताईला सगळं सांगितलं. फोटो, पाटी, गाडीवाल्याचा हात, तू का निघत नाहीस, अप्पारावचा काही दोष नाही, सगळं. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला दोन शिव्या देईल. तिने दोन्ही केलं नाही. भाकरी तव्यावर होती ती उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पाठवला ना फोटो? मंग आता तूच आण तिला."

कसं आणू, आकांक्षा? ये म्हणून लिहायचं, तर माझ्यामुळे ज्याचा हात मोडला त्या माणसाला टाकून ये, असं लिहावं लागेल. ते मी लिहिणार नाही. तू करते आहेस ते योग्य आहे, आणि हेच मी तुला लहानपणापासून शिकवत आलो. पण मनात मी रोज तेच मागतो. तो राहू दे, तू नीघ. त्याचीही कुठेतरी एखादी ताई असेल, हे कळूनही मागतो. मला त्याची लाज वाटते आणि तरी मागणं थांबत नाही.

मी विनोद करतो, फॉर्म भरतो, जाकीट घाल म्हणून सांगतो, ते सगळं पुढचं वाक्य लिहावं लागू नये म्हणून. मला भीती वाटते की तू तिकडे मरशील, आणि तू कुठे आहेस हे त्यांना मी दाखवलेलं असेल.

तुझा मामा,
रामकिसन