दांडी मधोमध, मग शून्य

फोथाराम, राचबुरी
सोमवार, ११ मार्च, बुद्धाब्द २५५६, उपोसथाचा दिवस

प्रिय नोंग कन्निका,

तू बरी असशील. साखर कारखान्यातला वजनकाटा अजून तुझ्याच ताब्यात असेल आणि उसाच्या ट्रकवाल्यांना तू तशीच दमात घेत असशील, असं धरून चालते. आम्ही ठीक आहोत. उन्हं फार तापलीत. सकाळी विहारात भन्तेंना भात वाढला, अष्टशील घेतलं. दुपारनंतर जेवायचं नाही, त्यामुळे आज वेळच वेळ आहे. पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, राग मानू नकोस. मागच्या बाजूला विहाराच्या जत्रेचं पत्रक आहे, ते वाचू नकोस, जत्रा होऊन गेली.

आपल्या रविवारच्या मंडळींतले हेंगशेठ सांगत होते की तू तुझं रिमोटचं हेलिकॉप्टर विकायला काढलंयस. विकू नकोस. एवढ्यासाठीच पत्र लिहितेय.

तुझं काय चुकलं ते तुला कुणी नीट सांगितलंच नाही, म्हणून मी सांगते. पात्यांचा कोन लावताना आधी मोटरची वायर काढायची. ते तू कधी विसरली नाहीस. मग रिमोटची वर-खाली होणारी दांडी मधोमध आणायची. तळाशी नाही, मधोमध. तिथे असतानाच पात्याला कोन मोजायचं गेज लावायचं आणि कोन शून्य येईपर्यंत पात्याला जोडलेली लिंक एकेक फेरा फिरवायची. मग दुसरं पातं, तेही शून्य. त्यानंतरच दांडी वर नेऊन दहा आणि खाली आणून उणे दहा बघायचं. तू त्या दिवशी दांडी तळाशी ठेवून शून्य लावलंस. म्हणजे दांडी अर्ध्यावर येताच पाती दहा अंशांवर, आणि खाली उणे काही उरलंच नाही. मग ते टुणकन उडणार नाही तर काय करणार?

तू म्हणशील, डबे आणणाऱ्या पी लमाईला हे कुठून कळलं? अगं, गेली अकरा वर्षं दर रविवारी मी शेतातल्या त्या चिंचेखाली बसतेय. आमचे हे, विचियन, मोजतात आणि ओरडतात, "लिही, वर दहा, खाली उणे दहा!" आणि मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. प्रत्येक नवशिक्याचं एक पान आहे. तुझंही आहे.

एकदा, फार पूर्वी, मी म्हटलं होतं, "मी लावून बघू का गेज?" विचियन म्हणाले, "आधी हात पूस, तेलकट आहेत." मी हात पुसून आले तोवर त्यांचं मोजून झालं होतं. पुन्हा मी विचारलं नाही.

मग डिसेंबरात तू आलीस, कारखान्याचा निळा शर्ट तसाच अंगात, केसांना साधं रबर लावून, स्वतःच्या पगारातून घेतलेलं हेलिकॉप्टर काखोटीला मारून. तुला विचारायची कसली म्हणून लाज नव्हती. "पी विचियन, उणे कोन म्हणजे पाती उलटी का हो?" आणि विचियन हसून म्हणाले, "उलटी नाही गं, रुसलेली. नाक खाली घालून बसतात." तू खदखदून हसलीस. मी चिंचेखाली चिकट भाताच्या पुड्या सोडत होते. माझ्याशी ते असलं काही कधी बोलले नव्हते.

मी तुला धाकटी म्हणून नोंग म्हणते, आणि तू आम्हा दोघांनाही थोरले म्हणून पीच म्हणायचीस. पण त्यांना म्हणताना त्यांच्या तोंडाकडे बघायचीस, आणि मला म्हणताना डब्याकडे.

तुमच्यात काही वावगं होतं असं मी म्हणत नाही. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं, चार बायकांत बसून रडता आलं असतं. पण जानेवारीत त्यांनी गेज तुझ्या हातात दिलं. ते गेज ते माझ्या लग्नातल्या सारोंगच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतात. तू तो तुकडा सोडलास, घडी घालून खिशात टाकलास, आणि त्यांनी तुला हात पुसायलाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तुझा भात मुद्दाम तळाचा वाढायचे. तुझ्या लक्षात आलं नसेल. तू खायचीस आणि "मस्त!" म्हणायचीस, त्याचाही मला राग यायचा.

आता दहा फेब्रुवारीचं सांगते. तोही उपोसथच होता. मी पांढऱ्या कपड्यांत, शील घेऊन आले होते. हेंगशेठनी चिनी नववर्षाची गोड वडी आणली होती, म्हणून सगळे त्यांच्या गाडीमागे जमले होते. तू टेबलाशी एकटीच होतीस.

"पी लमाई, जरा बघता का? शून्य आलंय ना? आज सगळं एकटीनं केलंय. पी विचियन किती खूश होतील बघा!"

मी आले. बघितलं. गेजवर शून्य होतं. रिमोटची दांडी तळाशी होती.

"आलंय," मी म्हणाले. "बरोबर आहे."

मला दिसलं होतं, कन्निका. न कळून बोलले नाही मी.

मग विचियन गाडीजवळूनच ओरडले, "तपासलं का गं कुणी?"

"पी लमाईंनी बघितलं!"

आणि ते, तोंडात वडी, म्हणाले, "लमाईनं बघितलं ना? मग लाव वायर."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं बसले होते, आणि ते कानावर आलं तेव्हा मी खोटं बोलून मोकळी झाले होते. तरीही थांबवता आलं असतं. वायर लावायला तुला मिनिटभर लागलं. त्या मिनिटात मी डब्यांची झाकणं लावली.

पुढचं तुला माहीत आहे. ते उसळलं, कलंडलं, पातं मोडलं आणि त्याचा तुकडा तुझ्या कानाजवळून जाऊन बांधात रुतला. तू धसकटांत मटकन बसलीस. एक वीत इकडे आला असता तर मी आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं? विचियन सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. मी स्वतः बघायला हवं होतं." तू मात्र माझं नाव घेतलं नाहीस. तेवढा मोठेपणा तुझ्यात होता, त्याचाही मला हेवा वाटला.

घरी जाताना गाडीत ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस, लमाई. तुला त्यातलं काय कळतं?"

मी म्हणाले, "हो ना."

महिनाभर त्या "हो ना"च्या आडोशाला बसलेय. अडाणी म्हणवून घेतलं, कारण दुसरा शब्द फार वाईट होता. तेव्हापासून त्यांनी गेजला हात लावलेला नाही. शिकायला कुणी आलं तर म्हणतात, दुसरीकडे जा, मी माणसं मारीन. रविवारी कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत बसतात. ठोकून संपली की उपटतात आणि परत ठोकतात. आज विहारात चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज फुटेना. शेजारच्या बाईला वाटलं घसा बसला, तिनं हातात लवंग ठेवली.

क्षमा मागते. पण खरंच सांगायचं तर तुझ्याबद्दलचं सगळं मनातून गेलं असं नाही. त्यांनी तुला "वा!" म्हटलं की माझा हात अजूनही तळाच्या भाताकडे जाईल. तरी तू ये. येत्या रविवारी मोडकं हेलिकॉप्टर जसं असेल तसं घेऊन ये. गेज मी धरीन. माझ्याकडून मोजून घ्यायला तुला भीती वाटली तर तेही बरोबरच आहे; मग तू धर आणि मी नुसती दांडी बघीन.

हे पत्र मी पाकिटात घालतेय, पण पाकीट चिकटवत नाही. टपालात टाकायला विचियनच्या हातात देणार आहे. वाचायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. वाचलं तर त्यांना कळेल की त्यांची बायको कशी आहे, आणि हेही कळेल की ती अडाणी नाही. दोन्ही एकदमच कळणार, त्याला इलाज नाही.

जिला सगळं कळत होतं, ती,
लमाई