कोणतीही चालेल

पवनी, शनिवार, ८ ऑगस्ट १९८७

इंग्रजी शिकवतो, पुस्तिका वाचता येते, म्हणून शाळेचा संगणक माझ्याकडे. नववीतल्या कुंदाला त्यावर स्वतःचा खेळ करायचा होता. मी तीनच गोष्टी सांगितल्या: खेळ लहान घे, पुरा कर, आणि रोजचं काम गाण्याच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेव. घरची जुनी कोणतीही चालेल, म्हणालो.

कोणतीही.

महिन्याभरानं, काल खेळ पुरा झाला. डोंगा वैनगंगा पार करतो. कुंदा टाळ्या पिटत होती.

आज तिचे वडील पेटीतली कॅसेट शोधत आले. कुंदाची आई गेल्या वर्षी वारली. तिची धानाच्या रोवण्यातली गाणी मामानं त्या कॅसेटवर भरून ठेवली होती.

"ऐकून तरी पाहाची होती, माय," ते कुंदाला म्हणाले.

"कायच्यावर ऐकू, बाबा? आपल्या घरी टेप आहे कोठी?"

आधी ऐकून बघ, हे चौथं मी का नाही सांगितलं?

शाळेच्या टेपवर लावली. गाण्यांवर खेळ भरला गेला होता: नुसती किरकिर, मधूनच शिट्टी. बंद करायला हात नेला.

"राहू द्या, मास्तर. गाणं पुढं असन."

बाजू संपली. मी कॅसेट उलटवून दिली. तिकडंही किरकिरच. तीही बाजू त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.