पितळी पात्यांचा पंप

बाबा, गाडीतला तुमचा पाण्याचा पंप गळायला लागला आहे. गाडीखाली फरशीवर सकाळी हिरवट पाणी साचलेलं दिसतं. आधी मी म्हटलं नळी असेल, क्लिप सैल झाली असेल, आणि अशी स्वतःची समजूत घालण्यात पंधरा दिवस काढले. मग पंख्याची पाती धरून हलवून बघितली, तुम्ही शिकवलं होतं तशी. दांडा डगडगला आणि पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून एक थेंब माझ्या मनगटावर पडला. आतलं सील गेलं की पंप तिथून रडून सांगतो, हेही तुमचंच. तेव्हा पंप बदलायचा, यात वाद नाही. पण हा पंप तुम्ही माझ्यामुळे बनवलात, आणि तो काढायला माझा हात धजत नाही.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे दोन सीटची, छत मागे पडणारी विलायती स्पोर्ट्स कार आली कुठून, असं लोक अजून विचारतात. तुम्ही आपट्याला नदीकाठच्या बंगल्यात बागेचा पंप दुरुस्त करायला गेलात आणि येताना गाडी ओढून आणलीत, हे सांगितलं की त्यांना मी थापा मारते असं वाटतं. बंगल्याचे मालक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हातारे, आपल्यासारखंच मराठी बोलणारे. मुलं केव्हाच इस्राएलला गेलेली, आता तेही निघाले होते. मागच्या शेडमधल्या गाडीकडे तुम्ही टक लावून बघताय हे पाहून गमतीने म्हणाले, "चालू करून दाखवा आणि घेऊन जा." तुम्हाला कुठली गंमत कळायला! "इंजिन म्हंजे इंजिन," तुम्ही आईला सांगत होतात, "पाण्यात काय नि रस्त्याव काय." सहा महिने पनवेलच्या आपल्या वर्कशॉपमध्ये तिच्यात डोकं घालून बसलात आणि ती चालू केलीत. आई एवढंच म्हणाली, "तिघांचं घर नि दोघांची गाडी. शाने हायेत."

पण गाडीला तुम्ही सवयी लावल्यात त्या होडीच्याच. होडी खाडीतून आली की इंजिनातलं खारं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते लोखंड खातं. ही शिस्त तुमच्या हाडात भिनलेली. म्हणून गाडीची फेरी झाली की कॉक उघडून रेडिएटर रिकामा करायचात आणि निघताना पुन्हा भरायचात. नगरपालिकेचं गोडं पाणी ते, कुणाला काय खाणार? पण हात ऐकत नव्हते. मला तेव्हा खारघरच्या कॉलेजात नोकरी लागून महिना झाला होता. एका सकाळी मी ऐटीत गाडी काढली आणि कोरडी नेली. कळंबोली मागे पडते न पडते तोच जळका वास सुटला, मग करकर, आणि कॉलेजच्या फाटकाशी येऊन गाडी बंद पडली. बॉनेटमधून धूर, भोवती माझेच विद्यार्थी. तुम्ही रिक्षाने आलात, रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घातलंत आणि विचारलंत, "पाणी भरलं व्हतंस?" मी सगळ्यांसमोर तुमच्यावरच उसळले, "तुम्ही काढून ठेवलंय हे मला कुणी सांगितलं होतं?" तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात. मग पोरांकडे वळून म्हणालात, "माजीच चूक. होडीची सवय." त्या दिवसापासून तुम्ही गाडीचं पाणी काढणं सोडलंत. वर्षभर जो भेटेल त्याला ही गोष्ट स्वतःवर हसत सांगायचात, आणि मीही तुमच्याबरोबर हसायचे.

नशिबाने इंजिन वाचलं, पंप मात्र जळला. दुसरा शोधायला आपण दोन रविवार मुंबईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडलो. एका दुकानात हुबेहूब तसाच मिळाला म्हणून मी खूश झाले. तुम्ही दोन्ही पंप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेत, हात पुसलेत, डोळे मिटून एकेकाचा दांडा फिरवलात. दुकानदार म्हणाला, "काका, सेम टू सेम आहे." तुम्ही म्हणालात, "सारका दिसतो. सारका नाय." पुली दोन सूत पुढे बसत होती, पट्टा तिरका धावला असता आणि बेरिंग खाल्लं असतं. शिवाय आतली, पाणी ढकलणारी पाती दाबलेल्या पत्र्याची. मग तुम्ही जासईच्या लेथवाल्याकडून होडीच्या पंपासारखी पितळेची पाती करून घेतलीत आणि जुन्याच बॉडीत बसवलीत. "पितळ खाऱ्या पाण्याला भीत नाय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "बाबा, यात खारं पाणी कुठलं?" तर तुम्ही हसलात, म्हणालात, "ऱ्हाऊ दे, चांगल्याला चांगलं." सांध्यातून पाणी गळू नये म्हणून बसवायच्या गॅस्केटचा कागद बॉडीच्या कडेवर ठेवून हलक्या हातोडीने कसा ठोकत कापायचा, ते तेव्हा मला शिकवलंत. मी तीन कागद फाडले, तुम्ही एकदाही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

एवढं लिहून पत्र आठवडाभर तसंच पडलं होतं; मधे गाडी मेकॅनिककडे नेली. आताचा मेकॅनिक मुसलमान मोहल्ल्यातला आहे, हाताने चांगला आणि जिभेने गोड. पंप उघडून त्याने आतली पाती बोटाने पुसली. मग म्हणाला, "ताई, पितळ बघा, नव्यासारखं. तुमच्या वालिदसाहेबांचं काम एक नंबर. पण भोवतीची ॲल्युमिनियमची बॉडी खलास. दोन धातू एका पाण्यात राहिले की नरम असतो तो झिजतो." सांगायला गेलं तर माझ्यासमोर तीन वाटा होत्या. इंटरनेटवरून दोन पंप मागवले होते, एक पत्र्याच्या पात्यांचा, एक ओतीव लोखंडाच्या पात्यांचा. तिसरी वाट मेकॅनिकनेच सुचवली: नवी बॉडी करून तुमचीच पाती तिच्यात बसवायची. मी तिथेच रडले, बाबा. मला ती तिसरी वाट फार हवी होती. पण ती पाती दुसऱ्या बॉडीलाही अशीच झिजवणार, हे दिसत होतं. आणि मला गाडी चालवायची आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही. तुम्ही असतात तर तुमचा पंप तुम्हीच आधी भंगारात फेकला असतात. मी दोन्ही नवे पंप शेजारी ठेवले, हात पुसले, डोळे मिटले. ओतीव पात्यांचा दांडा सरळ फिरला, पुलीही सुतात बसली. तो घेतला. गॅस्केट मी ठोकून कापलं, एकाच कागदात. तेव्हा मान वर करून बघितलं, तुम्ही नव्हतात. मला तुमची फार आठवण येते, पंपाच्या निमित्तानेच असं नाही, रोजच येते.

तुमचा पंप वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. आई स्वयंपाकघरात सुकट निवडत होती. तिच्यासमोर तो ठेवला आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. त्या सकाळी तुम्ही याच ओट्याशी चहा पीत मला सांगितलं होतंत, "पाणी काढलंय गो, भरून घे." मी नव्या मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होते. मी ऐकलं होतं. "हं" म्हणालेही होते.

आईने सुकट निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं. मी हितंच व्हते. त्यांना बोलले, पोरगी खोटं बोलली. तं ते बोलले, नवी नोकरी हाय तिची, पोरांसमोर तिला खाली बगाया लावू काय? नि मना गप ऱ्हायाला सांगितलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहून झालं. तुम्ही समोर बसून "भरलं व्हतंस?" असं पुन्हा विचारलं असतंत, तर मी आजही तुमच्यावरच ढकललं असतं, बाबा.