खाबुऱ्याची घोडी आणि पहिली पोळी

बाबा, खाबुऱ्याची तांबडी घोडी आता म्हातारी झाली. परवा शेताच्या मालकांचा, आपल्या अर्बाबांचा फोन आला होता, त्यांनीच सांगितलं. दात झिजलेत, गवत भिजवून द्यावं लागतं, दिवसभर खजुरांच्या सावलीत उभी असते. "उस्ताद की घोडी अब सिर्फ आराम करती," म्हणाले. पैसे त्यांचे, चारा त्यांचा, आणि घोडी मात्र अजून उस्तादची, म्हणजे तुमची. मी तेव्हा इथे आखातात, अल खौदच्या या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पहिला विचार आला तो हा, की बाबांना कळवायला हवं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी काही घडलं की आधी तेच मनात येतं, आणि मग आठवतं.

ती आली त्या हिवाळ्यात मी सोहारच्या कारखान्यात नोकरीला होते आणि दर शुक्रवारी तुमच्याकडे, अर्बाबांच्या खाबुऱ्याच्या शेतावरच्या त्या दोन खोल्यांत, यायचे. अर्बाबांनी अमेरिकेत असे घोडे पाहिले होते, जे कळपातून एक गाय बाजूला काढतात आणि तिला परत जाऊ देत नाहीत. गाय वळली की वळतात, थांबली की जागच्या जागी थांबतात, आणि स्वार लगाम सैल सोडून नुसता बसलेला. त्यांना त्याचं वेडच लागलं, आणि शिकलेली म्हणून ही घोडी त्यांनी विमानाने आणवली. पण बाई थांबायलाच तयार नव्हत्या. जो बसेल त्याने तिचं तोंड ओढलं होतं, त्यामुळे लगाम ताणला की ती मान वर फेकून आणखीच पळायची. "उस्ताद, सर्दी खतम तो घोडी खलास. बेच दूंगा," अर्बाब म्हणाले. म्हणजे हिवाळा संपेपर्यंतची मुदत. तुम्ही जन्मभर पुण्यात मुलांना घोड्यावर बसायला शिकवलेलं, गायीसमोर घोडा कधी उभा केला नव्हता. तरी इन्शाल्ला म्हणून मोकळे झालात. घरात येऊन मात्र आईला म्हणालात, "ही घोडी गेली तर मीही गेलो. मग माझं इथे काय काम?" हसत म्हणालात, पण त्या दिवशी तुमचा चहा तसाच राहिला.

गुडघ्यामुळे तुम्हाला फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून शुक्रवारची स्वार मी. तुम्ही मोबाइलवर त्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचात. "बोलतात फार. तू पाय बघ, घोड्याचे पाय." मग आपली शिकवणी. चालता चालता मी खोगिरात जड बसायचं, श्वास सोडायचा, होऽ म्हणायचं, आणि घोडी थांबली की तिला काहीही करायला लावायचं नाही. नुसतं उभं राहायचं. मला आठवड्यातून एक सुट्टी, आणि ती मी वाळूत उभ्या घोडीवर बसून काढतेय! "अहो बाबा, आता पुढे?" मी विचारते. "पुढे काही नाही. थांबलं की सुख असतं, हे कळू दे तिला. थांबणं म्हणजे शिक्षा वाटली तर माणूससुद्धा थांबत नाही." समुद्राकडून वारा येतोय, घोडी डोळे मिटून पेंगतेय, तुम्ही कुंपणाला टेकून तिच्यापेक्षा जास्त पेंगताय. पण हळूहळू मी नुसता श्वास सोडला तरी ती मागचे पाय पोटाखाली घेऊन थांबायला लागली.

घोडी थांबायला शिकली आणि गायींनी घात केला. खरं तर तुम्हीच केलात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आईला गोग्रास द्यायला गाय सापडायची नाही. इथे गायी दाराशीच, म्हणून ती हौसेने रोज पहिली पोळी बाजूला काढायची आणि तुम्ही ती खिशात घालून निघायचात. इथे गायींना सुकी तारली घालतात हे कळल्यावर आई हादरलीच. "मासे खाणाऱ्या गायीला नैवेद्य?" त्यावर तुम्ही म्हणालात, "तिचं जेवण तिचं, आपली पोळी आपली." झालं असं, की पहिल्यांदा घोडी समोर नेली तेव्हा एकही गाय बिचकली नाही. साऱ्या घोडीला वळसा घालून तुमच्या खिशापाशी जमल्या आणि घोडी बिचारी बघत उभी. अर्बाब म्हणाले, "उस्ताद, ये गाय घोडे से नहीं डरता, ये तुमसे निकाह करेगा!" तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते.

मग पोळी बंद. गायी दाराशी येऊन हंबरायच्या आणि आई आत पुटपुटायची, पाप लागेल, पाप. शेवटी तिलाच राहवलं नाही. एका शुक्रवारी तिने तुमच्या नकळत कागदात गुंडाळलेली पोळी तुमच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. तुम्ही कुंपणाच्या कोपऱ्यात उभे, घोडीवर मी मध्ये, आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती आगाऊ गाय वास घेत थेट तुमच्याकडे निघाली. मी घाबरून लगाम खेचला. "हात सोड!" तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "ओढायचीच हौस असेल तर विहिरीवर जाऊन रहाट ओढ!" मी हात घोडीच्या मानेवर टाकला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा गाय डावीकडे जात होती आणि घोडी तिच्यासमोर डावीकडे. गाय थांबली, घोडी थांबली. गाय उजवीकडे, घोडी उजवीकडे, आणि मी वर नुसती पाहुणी. गायीला तुमच्याकडे यायचं होतं आणि घोडीला ते येऊ द्यायचं नव्हतं. एवढंच तर हवं होतं! तुम्ही खिशातून पोळी काढलीत, तिच्याकडे बघितलंत, घराकडे बघितलंत, आणि डोक्यावर धरून हलवायला लागलात. तेव्हापासून करार ठरला. शेवटी घोडीला विसावा आणि गायीला पोळी.

हिवाळा सरताना अर्बाबांनी पाहुणे बोलावले. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात उभे, खिशात पोळी. घोडीच्या मानेवरचा हात मी हलवला नाही. ठिपकेवालीने सगळ्या युक्त्या करून पाहिल्या आणि घोडीने तिला एक पाऊलही पुढे येऊ दिलं नाही. अर्बाब उठले, आपल्या हातातला कहव्याचा पेला त्यांनी तुमच्या हातात दिला. "घोडी नहीं जाएगी. तुम भी नहीं जाएगा." मला तुम्ही एवढंच म्हणालात, "हात चांगला ठेवलास." आयुष्यात तुम्ही माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. मी सोहारपर्यंत गाडीत एकटीच हसत गेले.

पुढे तुम्ही सुट्टीवर पुण्याला गेलात ते परत आलाच नाहीत. दिवस-वार आटोपून मी इकडे आले आणि शुक्रवारी खाबुऱ्याला गेले. अर्बाब म्हणाले, "बैठो, उसको भी अच्छा लगेगा." मी बसले. पोळी नव्हती, आई पुण्यालाच होती. गायी सोडल्या, आणि ठिपकेवालीने मान वर करून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुंपण होतं, वाळू होती, आणखी काही नव्हतं. तरी ती निघाली. घोडी तिच्यासमोर आली. डावीकडे, उजवीकडे, थांब. दोघी अगदी तुम्ही शिकवलेलं करत होत्या आणि माझा हात जिथे असायला हवा तिथेच होता.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. मी लगाम ओढला, बाबा. चांगला जोरात ओढला. घोडी चकित होऊन बाजूला झाली आणि गाय तुमच्या कोपऱ्यात जाऊन तुम्ही टेकायचात तो खांब हुंगत उभी राहिली. अर्बाबांना मी सांगितलं, हात घसरला. घसरला नव्हता. लगाम ओढून मी कान देऊन बसले होते, आता तुम्ही विहिरीवरच्या रहाटाचं ओरडाल म्हणून.