बाबूजींच्या तारेतली खरखर

४ सप्टेंबर १९५५, नवेगाव बांध
रेडिओचा सेट बोलला! दीड महिन्यानं का होईना. एकच काचेचा व्हॉल्व, तोही लष्करी भंगारातला. कॉइल पुठ्ठ्याच्या नळीवर हातानं गुंडाळलेली, एरियल चिंचेवरून शाळेच्या कौलांपर्यंत. सं. साडेसहाला नागपूर लागलं. कोणीतरी धानाच्या किडीवर भाषण देत होतं. भयंकर कंटाळवाणं, मी शेवटपर्यंत ऐकलं. सुमनच्या कानाला हेडफोन लावला तर म्हणते, "एवढ्या दुरून येऊन थो धानाचंच बोलून राहिला का जी?" बायकोला कौतुक म्हणून नाही.

९ सप्टें.
बाबूजींसाठी दुसरा हेडफोन मिळाला. गोंदियाच्या बन्सीलाल घड्याळवाल्याकडे जुना पडून होता. लकवा होऊन वर्ष होत आलं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. नुसतं घ… घ… तेही तोंडाशी कान नेला तर. मायला तर ते ऐकूच येत नाही, तिचे कान आधीच मंद. तलावाच्या पाण्याच्या वाटणीवरून सगळ्या गावाशी भांडणारा माणूस खाटेवर कौलं मोजत पडलाय. निदान भजन ऐकतील.
सेट माझ्या खोलीत, ते अंगणापलीकडे. मधून जुळी तार नेली, कपडे वाळत घालायच्या बांबूवरून. दोन्ही हेडफोन सेटवर एकाच जागी जोडले. भजन लागलं तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी. मी फार वेळ थांबलो नाही तिथं.

१५ सप्टें.
खरखर. चार दिवस झाले. सं. सेट लावला की दहा-पंधरा मिनिटांत सुरू. सारखी नाही, थांबून थांबून. खर्र… मग काही नाही… मग खर्र. पावसाळी हवेची अशी नसते.
बन्सीलालचा मंत्र आठवला: "मास्टरजी, एक बार में एक चीज हटाओ। जिसके जाने से आवाज जाए, वही चोर।"
एरियल काढलं. बातम्या गेल्या, खरखर राहिली. म्हणजे दोष बाहेरचा नाही, घरातलाच.

१८ सप्टें.
एरियलचा सांधा कथील लावून पक्का झाळला. अर्थिंगची पट्टी विहिरीजवळ पुन्हा पुरली, खाली कोळसा, वर मीठ, दोन बादल्या पाणी. आवाज वाढला, पण खरखर आहेच. व्हॉल्ववर टिचकी मारली तर टण्ण वाजतो, पण मी काही टिचक्या मारत बसत नाही. ग्रिडचा रेझिस्टर बदलला. उपयोग शून्य. शाळेत पोरांवर उगाच खेकसलो.

२२ सप्टें.
सापडला चोर! बाबूजींची तार सोडवली, खरखर बंद. जोडली, सुरू. तीनदा करून पाहिलं. लांब तार, उघडी, ओली. काहीबाही खेचत असणार. तिला सेटजवळ एक बटण बसवलं. सेट लावताना आणि बातम्यांच्या वेळी त्यांची तार बंद, भजनाला चालू. पक्कं काम झालं. बन्सीलालला कार्ड टाकलं, जरा फुशारकीनंच.

२६ सप्टें.
मायची तक्रार: "हेडफोन कानावर ठेवतच नाई तुहे बाबूजी. डाव्या हातानं खाली ओढते, तोंडावर घेते. लहान पोरावानी."
पट्टी ढिली आहे. दोन्हीकडून सुतळी घेऊन डोक्यामागे गाठ मारायची सोय केली. आता सरकत नाही. बाबूजी माझ्याकडे एकटक बघत होते. म्हटलं, आता नीट ऐकू येईल.

१ ऑक्टो.
खोलीवरून जाताना बाबूजी डावा हात वर करतात. आजही केला. म्हटलं, "थांबा बाबूजी, सेट लावून येतो." बातम्या संपल्या, जेवलो, विसरलो.

७ ऑक्टो.
बाबूजी गेले.
सं. पावणेसात. मी बातम्या ऐकत होतो. त्यांचं बटण चालू राहिलं होतं, आज खरखर फारच, सलग, एकही शब्द लागेना. बंद केलं. मग स्वच्छ ऐकू आलं. माय अंगणात ओरडत आली तेव्हा हवामान सांगत होते.

९ ऑक्टो.
जिथं जीव गेला तिथं मायनं पहिल्या रात्री पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली होती. सकाळी काय उमटलं ते बघायची आपल्याकडची रीत. कुणाला पाऊल दिसतं, कुणाला पाखराची नखं. आमच्याकडे दोन गोल. शेजारी शेजारी, रुपयापेक्षा थोडे मोठे. मायनं मला बोलावून दाखवले. "हे कायचं पाऊल होय रे?" म्हटलं, पाण्याच्या गडव्याचा तळ टेकला असेल. "दोनदा?" म्हणाली.

२४ ऑक्टो.
तेरावं झालं, पाहुणे गेले. आज सेट पुन्हा काढून हेडफोन कानाला लावला. बाबूजींचा हेडफोन त्यांच्या खोलीत खुंटीवर, दोन्ही गोल डब्या शेजारी शेजारी, तसाच. त्यांची तार अजून का जोडलेली, म्हणून सोडवायला गेलो आणि हात बटणावर पडला.
खर्र… मग काही नाही… मग खर्र.

२५ ऑक्टो.
पुन्हा, साडेसहालाच. उठून त्यांच्या खोलीत गेलो. खाट उभी करून ठेवलेली, हेडफोन खुंटीवर, सुतळीची गाठ तशीच. उंदीर नाही, पाल नाही, वारा नाही. परत येऊन ऐकलं. चालूच.

२७ ऑक्टो.
आज नीट केलं, एकेक करून. एरियल काढलं, आहे. अर्थिंगची तार काढली, आहे. व्हॉल्व उपटून टेबलावर ठेवला, आहे. शेवटी बॅटरीच सोडवली. सेट म्हणजे आता नुसती लाकडी फळी. माझा हेडफोन, त्यांचा हेडफोन, मधे तार. बाकी काही उरलं नाही काढायला.
खरखर आहे.
घाम फुटला होता. सुमन म्हणाली, ताप आला का.

२८ ऑक्टो.
हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.
सुमनला त्या खोलीत उभं केलं. म्हटलं, हेडफोनकडे बघत राहा, काही हलतं का सांग. मी इकडे कानाला लावून बसलो, बॅटरी नाहीच. खरखर सुरू झाली. आणि मग माझ्या दोन्ही कानांत, अगदी जवळून, सुमनचा आवाज:
"अजी, येथी तं काहीच नाई."
अंगणापलीकडून नव्हे. तारेतून.
हेडफोनच्या पोटात पातळ पत्रा असतो. तारेतून आवाज आला की तो थरथरतो, हे मी पोरांना फळ्यावर काढून शिकवतो. समोर कोणी बोललं तरी तो थरथरणारच, आणि तो आवाज तारेतून उलटा येणारच. हे एवढं मला सुचलं नाही. जो कान आहे तोच तोंडही आहे. बाबूजींना ते दोन दिवसांत कळलं होतं. कधी माझं बोलणं त्यांच्या कानात गेलं असेल. म्हणून ते तोंडावर ओढत होते.
मागची पानं वाचली. १५ सप्टें. २२ सप्टें. "सापडला चोर." २६ सप्टेंबरची सुतळी. ७ ऑक्टोबरचं पान वाचवेना.
ते मला हाक मारत होते, आणि मी महिनाभर ती हाक दुरुस्त करत होतो.

२९ ऑक्टो.
सुमनला विचारलं, तू हेडफोनजवळ श्वास घेत होतीस का? म्हणाली, दाराशीच उभी होती. तिच्या शब्दांखाली ती खरखर चालूच होती, हे तिला सांगितलं नाही. मायला तर काहीच नाही. काय सांगू? तुझ्या नवऱ्याचं तोंड मी सुतळीनं बांधलं?

२ नोव्हें.
आता भीती वाटत नाही, लाज वाटते. त्यांना काय सांगायचं होतं? पाण्याचं? मायचं? की नुसतं, इकडे ये? रोज साडेसहाला बसतो, शब्द लागतो का बघतो. शब्द नाही. श्वास, थांबा, श्वास. एकदा घ… असं वाटलं. माझंच मन असेल.

५ नोव्हें.
सुतळीची गाठ सोडली. दातांनी सोडवावी लागली, इतकी पक्की मारली होती. हेडफोन त्यांच्या उशीवर ठेवला, खाट पाडून, चादर घालून. मायनं पाहिलं.
सं. खरखर सुरू झाल्यावर माझा हेडफोन कानावरून काढून तोंडाशी धरला. म्हटलं, "बाबूजी, बोला. मी ऐकून राहिलो."
घरात मी असं बोलत नाही, मास्तरकीची भाषा बोलतो. त्यांच्याशी बोलताना तोंडात हेच आलं.
मग पुन्हा कानाला लावला. काही नाही. थांबली होती.

८ नोव्हें.
तीन दिवस काही नाही. बोललो ते चुकलं का? की मी तोंडाशी धरला होता तेवढ्यात तिकडून सांगून झालं? एकाच हेडफोननं बोलताना ऐकता येत नाही. दुसरा जोड मिळतो का, बन्सीलालला कार्ड. कारण लिहिलं नाही.

१२ नोव्हें.
बटण काढून टाकलं. तिथल्या दोन्ही तारा पिळून झाळल्या. आता बाबूजींची तार बंद करायची सोयच नाही. सेटला बॅटरी जोडली नाही, बातम्या नकोत.
साडेसहा होऊन गेले. गावात धानाची मळणी चालू आहे, बैलांना हाकणारे आवाज येताहेत, ते हेडफोन कानावर दाबून बाहेर ठेवतोय. माय दारात आली. "जेवाले चल." हातानंच थांब म्हटलं. 
"तुह्या बाबूजीलेबी असाच थांब म्हणत होतास," म्हणाली, आणि गेली.
पावणेसात झालेत. हेडफोन काढलेला नाही.