पूजाच्या गालांना हळद नको

शेणवा,
एप्रिल २००४

प्रिय सारिके,

तुमच्याकडे मुरबाडला तुझ्या भावाच्या, दीपेशच्या लग्नाची धांदल उडाली असेल. इकडे मांडवाचे बांबू आलेत, आईचे पापड वाळताहेत, आणि आमची नवरी, पूजा, तोंडावर ओढणी ओढून आतल्या खोलीत बसलीय. तुझ्यापासून काय लपवू? शहापूरच्या वसतिगृहात आपण एका ताटात जेवलोय.

पूजाला पुटकुळ्या आल्या तेव्हा डॉक्टरांनी एक ट्यूब दिली होती. रात्री मुगाएवढीच लावायची, सोबत दुसरं काही नको, दिवसा उन्हात जपायचं, असं बजावून. पण आमच्या बाईसाहेबांना धीर कुठला! आसनगावच्या एका पार्लरमधून गोरं करणाऱ्या क्रीमची बिननावाची डबी आणली. दोन्ही एकत्र कालवून सकाळ-संध्याकाळ चोपडलं, वर लिंबू चोळलं. एकाने उशिरा गुण येतो, तर दोन्हींनी लवकर येईल, हा हिशेब. आणि हीच पोरगी, ओल्या रोपांवर युरिया फेकला, पानं करपतील म्हणून बाबांवर केवढी ओरडली होती! आता तिचेच गाल करपलेत. पाणी लागलं तरी कळवळते.

डॉक्टर म्हणाले, सगळं बंद. साधं मलम लावा, आणि नवी कातडी धरेपर्यंत तोंडाला दुसरं काही नको, हळदसुद्धा नको. आई म्हणते, नवरीच्या तोंडाला हळद नाय लावली तर लोक काय म्हणतील? मी सांगून सांगून थकले, माझं कोण ऐकतंय!

रागावू नकोस, पण बोलतेच. बघायला आलात तेव्हा तुझी आई म्हणाली होती, पोर गुणाची आहे, जराशी सावळी एवढंच. तू हसलीस. तुझ्या मनात काही नव्हतं, ठाऊक आहे मला. पण पूजा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

दीपेशची उष्टी हळद घेऊन करवली म्हणून तूच येणार. बायका गाणी म्हणत तिच्या तोंडाला हात घालतील आणि मला त्यांना अडवता येणार नाही. वरपक्षाची हळद ना ती! तू अडवू शकतेस. पायांना लाव, हातांना लाव, गालांना नको गो. तुझ्या आईला आधी सांगायचं की नाही, ते तूच ठरव. काल पूजा सोललेल्या कातडीखालचा गुलाबी डाग आरशात दाखवून विचारत होती, ताई, गोरी होतेय ना गो मी? मी आरसा काढून घेतला. तू येऊन सांग तिला.

तुझीच,
अनिता