मूठ हे शस्त्र नाही

बुधवार, १ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प एकच. टेबलावर निर्णय दिला की दिला. फेरविचार नाही. व्यायाम वगैरे पुढच्या वर्षी.

टेबल म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर एक काल्पनिक राज्य मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन फासे टाकतात, लढतात, खजिने शोधतात. मी गेममास्टर. राक्षस मी, हवामान मी, कायदा मी. हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवलं. वाचायला बरं वाटतं.

वरच्या मजल्यावरचा इंजिनियर खेळ सोडून गेला. ऑफिसात काम वाढलं म्हणे. गोफणीचा दगड किती लांब जातो, यावरचा माझा निर्णय त्याला पटला की नाही, हे विचारायचं राहून गेलं. निर्णय द्यायला दीड तास लागला, पण मुद्देसूद होता.

शुक्रवार, ३ जानेवारी
इंजिनियरच्या जागी बायको बसणार. मीच गळ घातली. ती विमा कंपनीत क्लेम तपासते. दिवसभर बारीक अक्षरातल्या अटी वाचायच्या आणि लोकांना नाही म्हणायचं. बिचारीला करमणूक हवीच.

मी टाइल्सच्या शोरूममध्ये. गिऱ्हाईक माझं सगळं ऐकून घेतं आणि घरी विचारून येतो म्हणून जातं, ते जातंच. शनिवारी मात्र तीन माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघतात. त्यासाठी मी आठवडा काढतो. हातांची खुर्ची घरात एकच आहे, तिच्यावर गेममास्टर बसतो.

मोहीम संपली की गेममास्टर नव्याने निवडायचा, असा आमचा नियम आहे. सध्याच्या मोहिमेला तिसरं वर्ष लागलं. संपवायची घाई कोणालाच नाही. (विचारलेलं नाही.) मोहीम संपणार काळ्या सम्राटाच्या मरणाने. आणि कोणत्याही शस्त्राने त्याला ओरखडासुद्धा येत नाही, असं मीच लिहून सगळ्यांना वाचून दाखवलंय. स्वतः तो शस्त्र बाळगत नाही. गरजच काय? माज आहे. तो जगतोय तोवर खुर्ची शाबूत.

शनिवार, ४ जानेवारी
बायकोने पात्र निवडलं: भट्टीवर पाव भाजणारी बाई. शस्त्रांची चार पानी यादी पुढे ठेवली. म्हणाली, कशाला, हात आहेत की. डॉक्टर हसले. (दातांचे डॉक्टर. खेळात दुहाती कुऱ्हाड चालवतात.)

पहिल्याच मारामारीत पाववालीने दरोडेखोराला ठोसा मारला. मार किती धरायचा, म्हणजे त्याचं बळ कितीने घटवायचं? नियमांच्या पुस्तकात निःशस्त्र लढाईवर जेमतेम तीन वाक्यं, तीही एकमेकांशी बोलत नसलेली. त्यात तिने विचारलं, डॉक्टर कुऱ्हाडीला लावतात ते जादूचं तेल मुठीला चालेल का? ते कोणत्याही शस्त्राला चालतं असं लिहिलंय. मेहुणा लगेच ताईच्या बाजूने. तो खेळात जाळं फेकतो आणि घरात ताईची री ओढतो.

इथे ढिलाई केली असती तर उद्या कोणी कोपराला धार लावून मागेल. निर्णय दिला: मूठ हे शस्त्र नाही. मार एक. तलवारीला आठ, मुठीला एक.

तिने विचारलं, नक्की का? मग लिहून दे. दिलं, सहीसकट. तिने ते फाइलला लावलं. पहिल्याच दिवशी फाइल! उत्साह चांगला आहे.

मंगळवार, ७ जानेवारी
तीन वाक्यांवर राज्य चालत नाही. 'निःशस्त्र लढाई व विशेष शस्त्रे: सुधारित नियम' लिहायला घेतले. ठोसा, लाथ, ढकलणे, मानगूट पकडणे, केस ओढणे, चावणे. शोरूममध्ये दुपारपर्यंत अकरा पानं झाली. मालकांनी विचारलं, कोटेशन का? हो म्हणालो. एवढं मोठं कुठलं बाथरूम, म्हणाले. त्यांना दृष्टी नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
पोहण्यावर पुस्तक लिहायचं तर पाण्यात उतरावं लागतं. मेहुण्याला बोलावून घेतलं. त्याने मागून माझी मान पकडायची, मी परिच्छेद चारप्रमाणे सुटायचं. तो नको म्हणत होता. दाजी, लागेल, म्हणाला. त्याला नियम वाचून दाखवला.

परिच्छेद चार अपुरा आहे. मान सुटली, पण मी सेंटर टेबलवर सुटलो. डावीकडची दाढ अर्धी गेली. बायको स्वयंपाकघरातून आली, बर्फ दिला आणि विचारलं, मार किती धरायचा, एक का?

शुक्रवार, १० जानेवारी
डॉक्टरांचा दवाखाना. तोंडात कापूस, नळी आणि त्यांचे दोन्ही हात. अशा वेळी त्यांनी विषय काढला. जाळं फेकून मारत नाहीत, त्याने रक्त येत नाही, माणूस नुसता अडकतो. म्हणजे जाळंही शस्त्र नाहीच ना?

मला सविस्तर बोलायचं होतं. 'अं' एवढंच निघालं. ठरलं तर, म्हणाले डॉक्टर. नर्सनेही मान हलवली. घरी आल्यावर विचार केला. निर्णय ओठ हलवता न येता दिला असला तरी निर्णयच. संकल्प आठवला. फेरविचार नाही. उलट जाळ्यावर परिच्छेद नऊ लिहून काढला: जाळ्यात सापडलेल्याला धारदार शस्त्राने दोर कापूनच सुटता येईल, आणि आत हात नीट फिरत नसल्याने त्याचा मार अर्धा धरावा. कडक आहे. कायदा कडकच हवा.

शनिवार, ११ जानेवारी
सुधारित नियम वाटले. डॉक्टरांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मेहुण्याने पानं मोजली. बायकोने मात्र पेन्सिल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दोनच शंका विचारल्या. अर्ध्या माराचा अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरायचा की खालचा? खालचा, म्हणालो. आणि हे नियम सगळ्यांना लागू का, राजे-महाराजे धरून? मी म्हणालो, कायद्यापुढे सगळे सारखे.

लग्नाला बारा वर्षं झाली. माझं काही तिने इतकं मन लावून वाचल्याचं आठवत नाही. मला फार आनंद झाला. डोळे भरून आले. दाढही ठणकत होती, पण आनंदच जास्त.

शनिवार, १८ जानेवारी, सकाळ
तिघांनी ठरवलंय, आज थेट काळ्या सम्राटाच्या महालावर चाल करायची. आत्महत्या आहे. सम्राटाचं विकट हास्य आंघोळ करताना तीनदा म्हणून पाहिलं. शेजाऱ्यांनी बेल वाजवली. हरल्यावर तिघांची समजूत कशी काढायची तेही ठरवून ठेवलंय. मोहीम आणखी दोन वर्षं आरामात चालेल.

तोच दिवस, संध्याकाळनंतर
आधी डॉक्टरांची कुऱ्हाड. ओरखडा नाही. विकट हास्य केलं. छान झालं.

मग मेहुण्याचं जाळं. ते शस्त्र नाही, त्यामुळे सम्राटावर चालतं. फासे चांगले पडले. सम्राट आत.

सुटायला धारदार शस्त्र हवं. सम्राट शस्त्र बाळगत नाही. माज.

पाववाली पुढे आली. बायकोने फाइल उघडून टेबलावर ठेवली. मूठ हे शस्त्र नाही. खाली माझी सही.

घाबरलो नाही. शांतपणे सांगितलं की सम्राटाचं बळ एकशे वीस आणि मुठीचा मार एक. एकशे वीस ठोसे कोण मारत बसणार? त्यापेक्षा माघार घ्या, पुढच्या शनिवारी बघू. ती म्हणाली, चालेल की, मला सवय आहे. आणि बाह्या वर केल्या.

सम्राटानेही उलट मारलं. निःशस्त्र, म्हणजे एक. जाळ्यात, म्हणजे अर्धा. खालचा आकडा, म्हणजे शून्य.

मध्ये जेवण झालं. तिने डाव्या हाताने फासे टाकले. मेहुणा मोजत होता, डॉक्टर दात कोरत होते. ऐंशीच्या आसपास सम्राटाने तहाची बोलणी लावली. अर्ध्या राज्यावर आला. पाववाली म्हणाली, तरतूद नाही. शंभरनंतर मी विकट हास्य करायचं सोडून दिलं. दोन वर्षं ज्याच्या नावाने गावंच्या गावं चळचळा कापली, तो माझ्या डोळ्यांदेखत एकेक माराने संपला. मला खरंच वाईट वाटलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवार, १९ जानेवारी
निवडणूक. छोटंसं भाषण केलं, अनुभवावर. चिठ्ठ्या टाकल्या. बायकोला तीन, मला एक. मी स्वतःला मत दिलं नसतं तर बिनविरोध झाली असती, म्हणजे लढत मी दिली.

तिला जमायचं नाही. राज्य चालवणं म्हणजे क्लेम तपासणं नव्हे. पहिल्याच शनिवारी गोंधळ उडेल आणि हातापाया पडत माझ्याकडे येतील. लगेच हो म्हणायचं नाही. आधी थोडं ताणायचं.

शनिवार, २५ जानेवारी
गोंधळ उडाला नाही. शंका विचारली की ती एका वाक्यात उत्तर देते आणि खेळ पुढे जातो. एका संध्याकाळी दोन किल्ले आणि एक लग्न झालं. याला घाई म्हणतात. सगळे खूप हसत होते.

वरचा इंजिनियर परत आला. ऑफिसातलं काम कमी झालं म्हणे. येताना त्याने केक आणला. त्याला माझी जागा दिली, म्हणून मी फ्रिजजवळच्या स्टुलावर. तिथून सगळं टेबल दिसतं.

मी पात्र घेतलं: राज्यातला सर्वश्रेष्ठ तलवारबहाद्दर. पहिल्याच झटापटीत तलवार विहिरीत पडली. समोर दरोडेखोर, मी रिकाम्या हाताने. मग मी मुद्दा मांडला. हात हे माणसाचं पहिलं शस्त्र. मुठीला किमान चार तरी मार हवा, आणि कसलेल्या योद्ध्याच्या मुठीला सहा. उदाहरणं दिली. दाढ दाखवली. कितीतरी दिवसांनी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

बोलून झाल्यावर बायकोने पूर्वीचा काही निर्णय आहे का ते बघते म्हणून फाइल काढली, आणि माझ्या अक्षरातला कागद माझ्याच हातात दिला. मोठ्याने वाच, म्हणाली.

वाचला. फासे उत्तम पडले. ठोसा वर्मी बसला. एक.